महाराष्ट्राच्या स्थानिक इतिहासातील कोणते प्रसंग आणि कोणती माणसे ऐकून आश्चर्य वाटते?

या प्रश्नावरची बहुतेक उत्तरे गड-किल्ल्यांपाशी सुरू होतात आणि पुण्यात संपतात, म्हणून हे उत्तर सोलापूरचे आहे. सोलापूर म्हटले की लोकांना चादर आणि शेंगाचटणी आठवते. मे १९३० मध्ये या गिरणगावात तीन दिवस इंग्रजांचे राज्य चालले नाही, हे त्यांना सांगावे लागते.

मी सातवीत असताना चाचणी परीक्षेत ‘भारत केव्हा स्वतंत्र झाला?’ असा प्रश्न आला होता. मी लिहिले, ‘देश १९४७ मध्ये झाला, सोलापूर त्याआधी १९३० मध्ये तीन दिवस झाले होते.’ गुरुजींनी लाल शाईने शून्य दिले. ते पाहून आजोबा दुसऱ्या दिवशी धुतलेली गांधी टोपी घालून माझ्याबरोबर शाळेत आले. १९३० मध्ये ते नऊ वर्षांचे होते आणि त्यांचे वडील गिरणीत रातपाळीला जात असत. लष्करी कायद्यात गांधी टोपी घालणाऱ्याला पकडत असत, म्हणून पणजीने घरातली टोपी ज्वारीच्या कणगीत तळाशी पुरली आणि पणजोबा पुढचे दीड महिने पटका बांधून कामावर गेले. हे सगळे आजोबांनी उभ्या उभ्या सांगितले. गुरुजींनी ते शांतपणे ऐकले आणि म्हणाले, “आजोबा, पुस्तकात तसे नाही.” आजोबांनी विचारले, “मग आमच्या वडिलांनी पटका कशाला बांधला?” यावर गुरुजी काही बोलले नाहीत, गुण मात्र वाढले नाहीत.

घडले ते असे. एप्रिल १९३० मध्येच सोलापूर नगरपालिकेने आपल्या इमारतीवर तिरंगा फडकावला होता. असे करणारी ती देशातील पहिली नगरपालिका, असे सोलापूरकर अभिमानाने सांगतात. पहिली की दुसरी या वादात मी पडत नाही. ५ मे रोजी गांधीजींना अटक झाली, शहरात हरताळ पडला आणि ८ मे रोजी रूपाभवानी मंदिराच्या परिसरात शिंदीची (जिच्या रसाची दारू करतात ती) झाडे तोडायला निघालेल्या जमावावर पोलिसांनी गोळीबार केला. त्यात शंकर शिवदारे हा तरुण मारला गेला. त्यानंतर मंगळवार पेठेतील पोलीस चौकी आणि न्यायालय जळाले. ९, १० आणि ११ मे या दिवसांत पोलीस रस्त्यावर नव्हते आणि चौकांतली वाहतूक काँग्रेसचे स्वयंसेवक सांभाळत होते. १२ मे रोजी लष्कर आले आणि जून संपेपर्यंत शहर लष्करी कायद्याखाली राहिले. चौकीतील पोलिसांच्या खुनाच्या आरोपावरून मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे आणि श्रीकिसन सारडा यांना १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्याच्या तुरुंगात फाशी देण्यात आली. एक लिंगायत, एक मुसलमान, एक मराठा आणि एक मारवाडी: सोलापूरची वस्ती कशी आहे हे ज्याला ठाऊक आहे, त्याला याचे नवल वाटणार नाही.

माणसांचे विचाराल, तर डॉ. द्वारकानाथ कोटणीस याच शहरात १९१० मध्ये जन्मले, १९३८ मध्ये पाच भारतीय डॉक्टरांच्या पथकातून चीनला गेले आणि युद्धातील जखमींवर उपचार करीत १९४२ मध्ये तिथेच वारले. त्यांच्यावर अनेकांनी लिहिले आहे, म्हणून मी थांबतो.

माझे थोरले बंधू मात्र आजही गुरुजींच्या बाजूचे आहेत. तीन दिवस पोलीस नसणे याला स्वातंत्र्य म्हणत नाहीत, अंदाधुंदी म्हणतात, असे त्यांचे मत आहे. त्यांचा एक मुद्दा मला मान्य करावा लागतो: चौकीत माणसे मारली गेली आणि आजोबा गोष्ट सांगताना तेवढा भाग नेहमी गाळत असत. फाशी गेलेल्या चौघांना नाहक गोवले, अशी गावाची ठाम समजूत आहे आणि माझीही आहे. पण तिच्यामुळे मेलेले पोलीस खोटे ठरत नाहीत. तरीही सत्ता हातची गेलीच नव्हती, तर ती परत घेण्यासाठी लष्कर कशाला आणावे लागले, याचे उत्तर दादांनी तीस वर्षांत दिलेले नाही.

आपल्याला हे प्रत्यक्ष पाहायचे असेल, तर जानेवारीत गड्ड्याच्या, म्हणजे ग्रामदैवत सिद्धेश्वराच्या, यात्रेला या. नंदीध्वजांची मिरवणूक आणि हुतात्म्यांचा दिवस एकाच सुमारास येतात. रिक्षावाल्याला ‘चार पुतळे’ एवढे सांगितले तरी पुरते. कॉलेजला असताना दादा पाच वर्षे रोज त्याच पुतळ्यांवरून जात असत. गेल्या दिवाळीत मी त्यांना चौघांची नावे विचारली. त्यांना दोन आठवली.