भंगारात निघालेले तोफगोळे आणि 90 दिवसांचा हिशोब

कोल्हापूरजवळच्या तुमच्या फौंड्रीत आयात भंगाराच्या ट्रकमधून सहा गंजलेले तोफगोळे निघाले. सल्लागाराच्या सांगण्यावरून तुम्ही ते घातक कचऱ्याच्या शेडमध्ये, जळक्या तेलाच्या बॅरलांशेजारी ठेवले, वर ताडपत्री टाकली आणि 90 दिवसांची मुदत मोजायला लागलात. आज 71 वा दिवस. उरलेल्या 19 दिवसांत काय करावं, असं विचारता. फौंड्रीवाले, रोलिंग मिलवाले, भंगारवाले यांची अशी पत्रं मला येतच असतात.

तुमच्याकडे 19 दिवस नाहीत. आजचा दिवस आहे.

90 दिवसांची सवलत 2016 च्या घातक कचरा नियमांतली आहे. तुमच्या स्वतःच्या प्रक्रियेतून निघणाऱ्या आणि प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या ऑथरायझेशनमध्ये, म्हणजे परवानगीपत्रात, नोंदलेल्या कचऱ्यासाठी ती असते. घातक कचऱ्याच्या व्याख्येत ‘स्फोटक’ हा शब्द आहे, आणि सल्लागार तिथेच चुकला. ऑथरायझेशनच्या कागदाने दारूगोळा बाळगायचा परवाना मिळत नाही. शस्त्र कायद्यात तोफगोळा हा ‘प्रतिबंधित दारूगोळा’ आहे आणि 2019 च्या दुरुस्तीनंतर त्याच्या बेकायदा ताब्याला किमान सात वर्षांची शिक्षा आहे.

तुमचं सगळं प्रकरण एका शब्दावर उभं आहे: जाणीवपूर्वक. स्फोटक पदार्थ कायदा, 1908 चं कलम 5 स्फोटक ‘जाणीवपूर्वक’ आणि संशयास्पद परिस्थितीत बाळगणाऱ्याला लागतं; हेतू कायदेशीर होता हे मग त्यानेच दाखवायचं. शस्त्र कायद्यातला ताबासुद्धा जाणतेपणाचा असावा लागतो, असं सर्वोच्च न्यायालयाने 1972 मध्ये गुणवंतलाल प्रकरणात सांगितलंय. ट्रक रिकामा होईपर्यंत तुम्हाला काहीच माहीत नव्हतं, तोवर तुम्ही निर्धास्त होतात. सुपरवायझरने गोळे दाखवले, त्याच दिवशी पोलिसांना कळवलं असतं तर आज हे पत्र लिहायची वेळ आली नसती. त्याऐवजी तुम्ही दहा आठवडे पुरवठादाराला पैसे परत मागणारे ईमेल पाठवलेत, तेही फोटोंसकट! तुम्हाला कधीपासून माहीत होतं, याचा तारीखवार पुरावा तुम्हीच तयार केलात.

त्यातला एक फोटो मी मोठा करून पाहिला. गोळ्याच्या नाकाशी पितळी टोपण तसंच आहे आणि हातभर अंतरावर तेलाचं बॅरल. ‘आत काही नसावं’ असं तुम्ही कशावरून लिहिलंत? ते ठरवणं तुमचं काम नाही, माझंही नाही. सप्टेंबर 2004 मध्ये गाझियाबादजवळ साहिबाबादच्या पोलाद कारखान्यात आयात भंगारातले गोळे फुटले आणि दहा कामगार गेले. शेडमध्ये काय आहे हे तुमच्या कामगारांना सांगितलंय का? पत्रात त्याबद्दल एक ओळ नाही, आणि मला सर्वांत जास्त राग त्याचाच आला.

आता गोळे हलवू नका, बॅरलंही हलवू नका. ताडपत्री काढायलासुद्धा कोणी जायचं नाही. 112 ला फोन करा, मग पोलीस ठाण्यात लेखी अर्ज देऊन पोहोच घ्या. बॉम्ब शोधक व नाशक पथक ते बोलावतील. अर्जात तारखा खऱ्या लिहा. ‘काल सापडले’ असं लिहिलंत तर तुमचेच ईमेल तुम्हाला खोटं पाडतील आणि मग मी काही करू शकणार नाही.

गुन्हा दाखल होईल का? होऊ शकतो, आपणहून कळवल्याचा फायदा किती मिळेल, हे तपास अधिकाऱ्यावर आणि कागदांवर आहे. अटकपूर्व जामिनाची तयारी ठेवा. 1908 च्या कायद्याखाली जिल्हा दंडाधिकाऱ्यांच्या संमतीशिवाय खटला चालत नाही, म्हणून बिल, वजनकाट्याची पावती, गेट रजिस्टर हे सगळं आजच एका फाइलमध्ये लावा. आयात भंगारात दारूगोळा नसल्याचं, माल चढवण्यापूर्वीच्या तपासणीचं प्रमाणपत्र पुरवठादाराकडून मागून घ्या. ते असलं किंवा नसलं, दोन्ही परिस्थितींत तुमच्या उपयोगाचं आहे.

पैशांचं नंतर पाहू. व्यापारी दाव्याआधी बहुतेक वेळा मध्यस्थीला जावंच लागतं, त्यानंतर कोर्टात किती वर्षं जातील याची खात्री मी देणार नाही.

पथक येऊन जाईपर्यंत मॅग्नेट क्रेन त्या बाजूला फिरू देऊ नका आणि आजची रात्रपाळी बंद ठेवा.