बेळगावच्या उद्यमबागेत नव्याने सीएनसीवर (संगणकाने चालणाऱ्या मशीनवर) उभा राहणाऱ्याला

"बोरिंगला चॅटर येतोय, काय करू?" (म्हणजे भोक आतून कापताना हत्यार थरथरतंय) एवढंच विचारलंस तर जाणता माणूस वैतागतो, कारण त्याच्यासमोर ना मशीन, ना जॉब (कापायचा तुकडा). माल ईएन 8 (एक पोलाद) की कास्ट आयर्न (बीड), बोअरचा (भोकाचा) व्यास, आरपीएम, फीड (हत्यार पुढे सरकण्याचा वेग), कटची खोली आणि बार (हत्याराचा दांडा) किती बाहेर काढलायस, हे आधी सांग. स्टीलचा बार स्वतःच्या व्यासाच्या चौपटीहून जास्त बाहेर असला की थरथरतो, म्हणून तो पहिला प्रश्न. 20 मिमीचा बार 80 मिमीच्या आत धर. तरी चॅटर राहिला तर इन्सर्टचा (बारवरच्या कापणाऱ्या पातीचा) नोज रेडियस, म्हणजे टोकाची गोलाई, 0.8 मिमीवरून 0.4 मिमी कर. एका वेळी एकच बदल, नाहीतर कशाने फरक पडला ते कळत नाही. "एवढंही येत नाही?" म्हणणारा मिस्त्री चुकतोच, पण त्याच्या बोलण्यातला आकडा सोडू नकोस. काय बदलल्यावर चॅटर गेला, तेही त्याला परत कळव.