‘त्या विषाची टेस्टच होत नाही’ म्हटलं की दवाखाना सुटतो का?

प्रश्न : माझा धाकटा भाऊ (वय २७) वाडीतल्या ट्रकच्या गॅरेजमध्ये कामाला आहे. यंदा मे महिन्यात दुपारी त्यानं पाण्याच्या बाटलीत भरून ठेवलेलं कूलंट (इंजिन थंड ठेवणारं द्रव) चुकून प्यायलं. संध्याकाळी तो बरळायला, झोकांड्या खायला लागला. खासगी दवाखान्यात ‘दारू जास्त झाली’ म्हणून रात्रभर सलाइनवर ठेवलं. दुसऱ्या दिवशी लघवी बंद झाली. अजून डायलिसिस चालू आहे. दवाखाना म्हणतो, त्या विषाची टेस्ट आमच्याकडे होत नाही, आम्हाला कळणार कसं? केस होते का?
– एक बहीण, नागपूर

उत्तर : ताई, पाठवलेले कागद मी दोनदा वाचले. केस होते, आणि तिचा सगळ्यात भक्कम पुरावा दवाखान्याच्याच रात्री साडेआठच्या साध्या रिपोर्टमध्ये आहे.

त्या कागदावर सोडियम १४०, क्लोराइड १०२, बायकार्बोनेट (रक्तातलं आम्ल शमवणारा क्षार) ८ आहे. सोडियममधून बाकीचे दोन वजा करा, ३० उरतात. याला अनायन गॅप म्हणतात. तो साधारण ८ ते १२ असतो. ३० म्हणजे रक्तात एखादं न मोजलेलं आम्ल साचलंय. कूलंटमधल्या इथिलीन ग्लायकॉलचं लिव्हर आधी ग्लायकोलिक आणि पुढे ऑक्झॅलिक आम्ल करतं. ते कॅल्शियमशी मिळून किडनीत स्फटिक धरतं. तुमच्या भावाच्या लघवीच्या रिपोर्टमध्ये ‘कॅल्शियम ऑक्झलेट’ लिहिलेलंच आहे. नुसत्या दारूच्या नशेनं बायकार्बोनेट सहसा ८ इतकं खाली येत नाही.

समोरचे वकील म्हणतील, असा गॅप डायबेटिसमध्ये, किडनी गेल्यावर किंवा लॅक्टेट (शरीरातच तयार होणारं एक आम्ल) वाढल्यावरही येतो. खरं आहे. पण त्याच पानावर शुगर ११० आणि किडनीचं काम दाखवणारं क्रिएटिनिन ०.९, दोन्ही ठीक आहेत, म्हणजे पहिली दोन कारणं तिथेच मागे पडतात. उरलं लॅक्टेट. ब्लड गॅसच्या (रक्तातले वायू आणि आम्ल मोजणाऱ्या) मशीननं ते १९ दाखवलंय, म्हणजे वाढलेलं. काही मशीन ग्लायकोलिक आम्लालाच लॅक्टेट समजून मोजतात, त्यामुळे तोच नमुना लॅबमध्ये केला की आकडा बराच कमी येतो, आणि तसा आला तर हे तिसरं कारणही मागे पडतं. तसा तो केला होता का, हे केस पेपरमध्ये शोधायचं. थोडक्यात, विषाची खास टेस्ट नसली तरी संशय घ्यायला पुरेसं रात्री साडेआठलाच हातात होतं. संशय आला असता तर विष रक्तातून काढायला डायलिसिस तेव्हाच सुरू करता आलं असतं किंवा ती सोय असलेल्या ठिकाणी, अगदी सरकारी मेडिकल कॉलेजच्या दवाखान्यातही, पाठवता आलं असतं.

आता कमकुवत जागा. तुम्ही लिहिता, ‘बाटली डॉक्टरांना दाखवली.’ किती वाजता? कोणी? कॅज्युअल्टीच्या नोंदीत ‘दारू प्यायल्याचे नातेवाइकांनी सांगितले’ असं असेल आणि कूलंटचं नाव पहाटे निघालं असेल, तर दवाखान्याची बाजू बरीच सावरते. आठवतं तसं खरं लिहून काढा, गॅरेजमधून सोबत आलेल्या मुलालाही विचारा. माझ्या मते केस इथेच ठरेल.

म्हणून पहिलं काम केस पेपरचं. भावाच्या सहीनं लेखी अर्ज द्या, पोच घ्या. वैद्यक परिषदेच्या २००२ च्या आचारनियमांप्रमाणे मागितल्यापासून ७२ तासांत कागद द्यावे लागतात. नर्सिंग नोट्स आणि लॅबचे वेळेसकट प्रिंट नाव घेऊन मागा. डिस्चार्ज कार्डावर भागवू देऊ नका.

तक्रार जिल्हा ग्राहक आयोगात करायची. पैसे भरून घेतलेले उपचार ग्राहक कायद्यात येतात, हे सुप्रीम कोर्टानं १९९५ मध्येच ठरवलंय. मुदत दोन वर्षं. बिल ५ लाखांच्या आत असेल तर फी नाही. २०१० च्या व्ही. किशन राव निकालानं प्रत्येक प्रकरणात तज्ज्ञाचं मत सक्तीचं नाही असं म्हटलं, तरी तुम्ही किडनीच्या डॉक्टरांचं लेखी मत जरूर घ्या. वरची वजाबाकी आयोगापुढे वकिलानं नव्हे, डॉक्टरनं मांडायला हवी. डॉक्टरांवर फौजदारीच्या मागे लागू नका. २००५ च्या जेकब मॅथ्यू निकालानुसार त्यासाठी ढोबळ निष्काळजीपणा लागतो. नुसती निदानातली चूक तर दिवाणी दाव्यातही पुरत नाही. त्या काळच्या सर्वसाधारण डॉक्टरनं जे पाहिलं असतं, ते पाहिलं का, एवढंच तपासलं जातं. २०२५ मध्ये छिंदवाड्याची मुलं कफ सिरपमधल्या डायइथिलीन ग्लायकॉलमुळे किडनी बंद पडून आपल्याच शहरात उपचाराला आली होती. त्यानंतर नागपुरात ‘ग्लायकॉल आम्हाला नवीन’ म्हणणं जड जाईल.

तडजोडीची रक्कम इतक्यात ठरवू नका. अशी किडनी काही आठवड्यांनी, महिन्यांनी सुधारूही शकते, आणि तसं होवो असं मनापासून वाटतं. भरपाईचा हिशेब त्यावरच होईल. गॅरेज मालकावरचा कामावरच्या अपघाताचा दावा वेगळा, तो सोडू नका.

ती बाटली घरी असेल तर धुवू नका. झाकण घट्ट लावून मुलांच्या हाती लागणार नाही अशी ठेवा आणि पोलीस ठाण्यात अपघाताची नोंद करताना पंचनामा करूनच ताब्यात द्या.