ज्वाळा खाली का सांडतात?

प्रश्न : ताई, पाण्याच्या धुक्याची खोटी शेकोटी करायचा घाट घातलाय. प्लास्टिकचा लांबट डबा घेतला, तळाशी धुकं काढणाऱ्या तीन चकत्या, झाकणाला फट आणि फटीच्या कडेनं भगव्या एलईडीची पट्टी. धुकं भरपूर निघतं, पण वर न जाता डब्याच्या कडेवरून खाली ओघळतं. रंगही भगवा न दिसता पांढुरका दिसतो. जास्त जोरदार एलईडी लावू का?

उत्तर : नका लावू. नाटकांचे दिवे करण्यात माझी हयात गेली, तरी सांगते, आग दिव्यांनी होत नाही, वाऱ्यानं होते. पहिल्यांदा मी हाच प्रकार रंगमंचावर केला तेव्हा दिव्यांवर आठवडा घालवला होता आणि वाऱ्याचा विचार शून्य. रंगीत तालमीत धुकं शेकोटी सोडून निघालं ते नटाच्या पावलांवरून थेट पहिल्या रांगेत उतरलं. दिग्दर्शक म्हणाले, शेकोटी उतू गेली.

ते उतू का जातं? तुमच्या डब्यातली चकती सिरॅमिकची आहे. दाबल्यावर वीज देणारे स्फटिक जाक आणि प्येर क्यूरी या भावांनी १८८० साली दाखवले. ही चकती तोच खेळ उलटा खेळते. तिला वीज दिली की ती थरथरते, या चकत्यांमध्ये बहुधा सेकंदाला सतरा लाख वेळा. पाण्याच्या पृष्ठभागावर त्यामुळे इतक्या बारीक लाटा उठतात की त्यांच्या टोकांवरून थेंब सुटतात, मिलिमीटरचे काही हजारावे भाग एवढे. यात पाणी उकळत नाही. म्हणजे ही वाफ नव्हे, गार पाण्याचे थेंबच. ते विरताना हवेतली उष्णता ओढून घेतात, आजूबाजूची हवा गार आणि जड होते आणि सगळा ऐवज खाली बसतो. खऱ्या ज्वाळेत हवा तापून वर धावते. आपल्याकडे ते काम पंख्याला करावं लागतं.

संगणकात असतो तसा ८० मिलिमीटरचा, १२ व्होल्टचा छोटा पंखा घ्या आणि बाहेरची हवा डब्यात ढकलेल असा बसवा. उलटा, म्हणजे धुकं ओढणारा बसवलात तर धुकं त्याच्या बेअरिंगमध्ये जाईल आणि पंखा लवकरच कुरकुरायला लागेल. पंख्याला पूर्ण १२ व्होल्ट देऊ नका, ५ ते ७ पुरतात. झोत सरळ पाण्यावर आदळू नये म्हणून समोर आडोशाला एक पट्टी लावा. चकतीवर पाण्याचं छोटं कारंजं उडतं, त्याचे मोठे शिंतोडेही फटीपर्यंत येऊ नयेत, तेव्हा चकत्यांच्या वरही एक तिरकं पत्र्याचं छप्पर हवं.

वारा बरोबर आहे का, हे धुकं सुरू करण्याआधीच कळतं. टिश्यू पेपरची बोटभर रुंद पट्टी फाडा, फक्त पंखा चालू ठेवा आणि पट्टी फटीवर धरा. तिचं टोक उठून डुललं पाहिजे. फडफडायला लागलं तर वारा जास्त आहे, धुकं फटीबाहेर पडताच फाटून जाईल. टोक नुसतंच लोंबत राहिलं तर कमी. फट दीड-दोन सेंटिमीटर रुंद ठेवा आणि तिच्यात मधूनमधून प्लास्टिकचे तुकडे तिरके खोचा, सारख्या अंतरावर मुळीच नको. अखंड फटीतून धुक्याचा पडदा निघतो. फट तुटली की त्याच्या जिभा होतात. एक तुकडा नखभर सरकवला तरी ज्वाळेचा चेहरा बदलतो. यात एक अख्खी संध्याकाळ जाईल, जाऊ द्या.

आता रंग. धुक्याचे थेंब प्रकाशाच्या लहरींपेक्षा मोठे असतात, त्यामुळे ते सगळे रंग जवळपास सारखेच विखुरतात. धुकं स्वतः पांढरंच राहणार, खोलीत ट्यूबलाइट चालू असेल तर तिचाच पांढरा रंग दाखवणार. ती बंद करा, निम्मा प्रश्न तिथेच सुटेल. दुसरं म्हणजे, असे थेंब प्रकाश मुख्यतः पुढच्या दिशेला फेकतात. रंगमंचावर धूर दाखवायचा तर आम्ही समोरून स्पॉट मारत नाही, मागून मारतो. तुमची पट्टी फटीच्या पुढच्या कडेला असेल तर तिचा बराचसा उजेड मागच्या भिंतीवर वाया जातोय. ती मागच्या कडेला न्या आणि बघणाऱ्याकडे किंचित कलवा, दिवे मात्र लाकडांच्या आड राहू देत, डोळ्यांत थेट जायला नकोत. मागची भिंत काळी आणि चमक नसलेली हवी. तीन रंगांच्या एलईडीतून मिसळलेला भगवा मला नेहमी सरबतासारखा वाटतो. त्यापेक्षा नुसत्या अंबर, म्हणजे पिवळसर नारिंगी रंगाची पट्टी घ्या आणि तिच्यामागे थोडी लाल.

लुकलुक हवी असेल तर एक हिशेब ठेवा. ज्वाळेच्या बुडाची रुंदी मीटरमध्ये घ्यायची, तिचं वर्गमूळ काढायचं आणि दीडला त्यानं भागायचं. सेकंदाला साधारण तितक्या वेळा ज्वाळा उसळी घेते. पाव मीटरची शेकोटी सेकंदाला तीनदा, नऊ सेंटिमीटरची पाचदा, मीटरभराची जेमतेम दीडदा. मोठी आग सावकाश हलते. नाटकात भला मोठा वणवा दाखवताना कुणी दिवे भराभर लुकलुकवले की तो मला नेहमी मेणबत्त्यांचा कारखाना वाटतो. पट्टीचे तीन-चार भाग करा, प्रत्येकाचा ताल वेगळा ठेवा आणि कुठलाही भाग पूर्ण विझू देऊ नका.

प्रश्न : ताई, या शेकोटीनं खोलीत थोडी ऊबही येईल का? म्हाताऱ्या सासूबाईंना थंडी वाजते.

उत्तर : सासूबाईंना चांगली शाल द्या. ही शेकोटी खोली गार करते! अशी एक चकती तासाला सुमारे ३५० मिलिलिटर पाणी उडवते, तीन चकत्या म्हणजे साधारण लिटरभर. तेवढं पाणी हवेत विरायला लागणारी उष्णता खोलीतूनच जाते आणि तिचा हिशेब तासभर सतत जवळपास ६८० वॅटच्या शीतकाचा होतो. चकत्या आणि दिवे मिळून परत देतात शंभरेक वॅट. म्हणजे जमाखर्च तोट्यातच.

शिवाय दमटपणा. चार मीटर लांब, चार रुंद आणि तीन उंच खोलीतली हवा २५ अंश सेल्सिअसला फार तर १.१ किलो पाणी वाफेच्या रूपात धरते, आणि त्यातलं निम्मं बऱ्याचदा आधीच असतं. खिडक्या लावून तासभर शेकोटी चालवलीत तर भिंती ओल्या होतील, पुस्तकांना बुरशी धरेल. एक खिडकी किलकिली ठेवा आणि अर्ध्या तासानं शेकोटी बंद करा. छताचा पंखा चालू असेल तर शेकोटी लावूच नका, ज्वाळा दिसणार नाहीत.

प्रश्न : यंत्र छान चालतं, पण आठवड्याभरात टीव्हीवर पांढरी धूळ बसली. धुक्यात सुगंधी तेल घातलं तर चालेल का?

उत्तर : धूळ तुमच्या पाण्यातली आहे. वाफेत क्षार येत नाहीत, थेंबात येतात. थेंब हवेत सुकला की क्षार उरतो आणि मिळेल तिथे बसतो, फुप्फुसातही. माझ्या पुस्तकांच्या कपाटावर तो पिठासारखा साचला तेव्हा मला अक्कल आली. डिस्टिल्ड पाणी वापरा. काही चकत्यांना पाणी आहे की नाही हे त्यातून वाहणाऱ्या विजेवरून कळतं. त्या शुद्ध पाण्यात सुरूच होत नाहीत, मग लोक यंत्र बिघडलं म्हणून परत करतात. दोन चमचे नळाचं पाणी घाला, चालू होतात.

तेल अजिबात नको. ते चकतीवर थर धरतं, प्लास्टिक खातं आणि श्वासातून आत जातं. त्याच कारणासाठी शिळं पाणीही नको. साचलेल्या पाण्यात जंतू वाढतात आणि हे यंत्र त्यांना थेट नाकापर्यंत पोचवतं. रोज पाणी ओता, डबा पुसून उघडा सुकू द्या, आठवड्यातून एकदा पातळ व्हिनेगरनं धुवा. घरात दम्याचं कुणी असेल तर मी हा उद्योग करणारच नाही.

प्रश्न : चकती दोनदा जळली. पाणी तर होतं.

उत्तर : होतं, पण किती? चकतीच्या वर साधारण तीन सेंटिमीटर हवं. जास्त झालं तर धुकं कमी होतं, चकती उघडी पडली तर काही क्षणांत जळते. साठ बाय वीस सेंटिमीटरच्या डब्यात लिटरभर पाणी उडालं की पातळी आठ मिलिमीटरनं उतरते, तळाला चिकटवलेल्या चकतीला हे साडेतीन-चार तासांत महागात पडतं. चकती तरंगणाऱ्या कड्यात बसवा, ती पाण्याबरोबर उतरेल. तिचा २४ व्होल्टचा पुरवठा देणारा डबा पाण्याच्या वर आणि लांब ठेवा, खाली जमिनीवर नको, आणि तो वीज गळताच आपोआप तुटणाऱ्या स्विचवरूनच जोडा. चालू चकतीवरच्या कारंज्यात बोट घालू नका. गार दिसतं, पण चटका बसतो. मला बसलाय.

प्रश्न : लाकडाचे ओंडके खरे ठेवू का?

उत्तर : ओल्या धुक्यात खरं लाकूड फुगतं आणि काळं पडतं. थर्माकोल कोरा, वर पातळ सिमेंटचा हात द्या, मग रंग. सांधे मुद्दाम उघडे ठेवा, ज्वाळा तिथूनच डोकावू देत.