पार्टीने भाडं चुकतं केलं, बॅलन्स मात्र दलालाकडे अडकला

प्रश्न : माझा एक चौदा चाकी ट्रक आहे. कळंबोली स्टील मार्केटमधल्या एका दलालाने मला हुबळीच्या तीन खेपा लावून दिल्या. दर खेपेला भाडं ४८,००० रुपये ठरलं. अॅडव्हान्स २८,००० मिळाला, त्यातून १,००० दलाली कापली. बाकीचे २०,००० पोच (माल मिळाल्याची सही-शिक्क्याची पावती) दिल्यावर मिळणार होते. दर वेळी तो म्हणायचा, "पार्टीचं पेमेंट आलं नाही, आलं की सगळं एकदम देतो." शेवटी मी पार्टीकडे, म्हणजे ज्यांचा माल होता त्यांच्याकडे गेलो. बिल्टीवर (माल वाहतुकीला घेतल्याच्या पावतीवर) ज्या ट्रान्सपोर्टचं नाव आहे, त्याला त्यांनी खेपेमागे ६१,००० कधीच दिलेत. ट्रान्सपोर्टवाला म्हणतो, दलालाला पैसे पोचले. दलालाने माझा नंबर ब्लॉक केलाय. पोलिसांत जाऊ का? मधले १३,००० मला मागता येतील का? की त्या ट्रान्सपोर्टचा पुढचा माल गाडीत भरून अडवून ठेवू? तिसऱ्या खेपेची मूळ पोच अजून माझ्याकडे आहे.
— एक ट्रकमालक, कळंबोली

उत्तर : शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण त्यात धोका तुम्हालाच आहे. माल अडवू नका. तो माल तिसऱ्याच कुणाचा असेल आणि त्याने तुमचं काहीही बुडवलेलं नाही. वाहतुकीसाठी सोपवलेला माल वाहतूकदाराने दाबून ठेवला, तर भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१६(३) खाली सात वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते. दलाल मोकळा फिरेल आणि गाडी तुमची जप्त होईल.

आता तुमच्या ६०,००० रुपयांबद्दल. "मी फक्त मधला माणूस, पैसे पार्टीकडून घ्या," असं दलाल कोर्टात म्हणेल. त्याला घाबरू नका. करार अधिनियम, १८७२ च्या कलम २३० नुसार, एजंटाने आपला मालक कोण हे समोरच्याला सांगितलं नसेल, तर तो स्वतः जबाबदार असल्याचं गृहीत धरलं जातं. भाडं ठरवताना त्याने "मी अमक्या ट्रान्सपोर्टच्या वतीने बोलतोय" असं म्हटलं होतं का, हे नीट आठवा आणि जुने मेसेज तपासा. म्हटलं नसेल, तर बॅलन्स त्याच्याकडूनच वसूल करायचा.

वकिलामार्फत दलाल आणि ट्रान्सपोर्ट दोघांनाही स्पीड पोस्टने नोटीस पाठवा. ट्रान्सपोर्टकडे एकच गोष्ट ठासून मागा : दलालाला किती पैसे, कोणत्या तारखेला, कसे दिले याचा पुरावा. पुरावा दिला तर दलालाचं खोटं उघडं पडतं. दिला नाही तर पैसे ट्रान्सपोर्टकडेच आहेत, अशी शंका घ्यायला जागा राहते. पैसे देय झाल्यापासून तीन वर्षांत पनवेलच्या दिवाणी न्यायालयात दावा लावता येतो. पण रक्कम पाहता मी आधी विधी सेवा समितीकडे दाखलपूर्व तडजोडीचा अर्ज करायला सांगेन. खर्च जवळजवळ नाही, आणि अशा ठिकाणी बोलावणं आलं की बरेच दलाल पैसे काढतात.

पुरावा तुम्हाला वाटतो त्याहून जास्त आहे. बिल्टी आहेच, शिवाय ई-वे बिलाच्या (माल नेताना लागणाऱ्या जीएसटीच्या ऑनलाइन कागदाच्या) भाग 'ब' मध्ये तुमच्या गाडीचा नंबर असतो. तीनही खेपांची ई-वे बिलं पार्टीकडून मिळवा. फास्टॅगचा तपशील गाडी हुबळीला गेल्याचं सांगेल. व्हॉट्सअॅपवरचं बोलणं डिलीट करू नका आणि तो फोन विकू नका. भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खालचं प्रमाणपत्र जोडून ते कोर्टात देता येतं.

पोलिसांकडे गेलात की पहिलं उत्तर मिळेल, "हा दिवाणी मामला आहे." नुसते पैसे थकवणं म्हणजे फसवणूक नव्हे, हे खरंच आहे, सुरुवातीपासून खोटा हेतू होता, असं दाखवावं लागतं. पण तुमच्या बाबतीत एक धागा पक्का आहे. पहिल्या खेपेचे पैसे त्याच्या हातात आलेले असताना "पार्टीने दिले नाहीत" असं सांगून त्याने तुमची गाडी दुसऱ्या-तिसऱ्या खेपेला लावली असेल, तर त्या खोट्यावर विसंबूनच तुम्ही डिझेल जाळलंत. न्याय संहितेच्या कलम ३१८ खालची फसवणुकीची तक्रार यावर उभी करा, म्हणूनच पेमेंटच्या तारखा महत्त्वाच्या. अजून कुणाचे पैसे त्याच काळात बुडाले असतील, तर सगळ्यांनी मिळून तक्रार द्या. पोलिस ठाण्यात नोंद घेतली नाही, तर लेखी तक्रार पोलिस उपायुक्तांना टपालाने पाठवा आणि तरी काही झालं नाही तर न्यायदंडाधिकाऱ्यांकडे जा.

मधल्या १३,००० चं उत्तर इतकं सरळ नाही. ट्रान्सपोर्टने पार्टीकडून ६१,००० घेऊन गाडी स्वस्तात लावली असेल, तर तो त्याचा नफा, कितीही खटकलं तरी. मात्र दलालाने तुमच्याकडून दलाली कापली, म्हणजे तो तुमचा एजंट होता असं म्हणायला आधार मिळतो, आणि करार अधिनियमाच्या कलम २१३ प्रमाणे एजंटाला हिशेब द्यावाच लागतो. तुम्हाला अंधारात ठेवून त्याने स्वतःसाठी वर काढलेले पैसे कलम २१६ खाली मागता येतात. नोटिशीत हा हिशेब मागा, पण सगळा दावा त्यावर टांगू नका.

अमेरिकेत मालवाहतुकीच्या दलालाला ७५,००० डॉलरची हमी ठेवावी लागते आणि व्यवहाराची नोंद पाहण्याचा हक्क वाहतूकदाराला असतो. अर्थात तिथेही दलाल करारातच तो हक्क सोडायला लावतात. आपल्याकडच्या रस्ते मालवाहतूक अधिनियम, २००७ मध्ये 'कॉमन कॅरियर'च्या (भाडं घेऊन कुणाचाही माल वाहणाऱ्याच्या) व्याख्येत ब्रोकरही आहे आणि त्याला नोंदणी बंधनकारक आहे. पण पार्टीने किती भाडं दिलं हे ट्रकवाल्याला सांगायची सक्ती नाही. ती हवी, असं माझं ठाम मत आहे. दोन-दोन दलालांच्या मधे एका गाडीचा मालक भरडला जातो, तो या अंधारामुळेच.

उद्यम नोंदणी (लघुउद्योग म्हणून सरकारकडे नोंद) केली नसेल तर आजच ऑनलाइन करा; ती मोफत आहे. पुढच्या खेपांचे पैसे ४५ दिवसांत मिळाले नाहीत, तर सूक्ष्म-लघु उद्योगांच्या कायद्याखाली रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज मागता येतं.

राहिली तिसऱ्या खेपेची पोच. ती मूळ प्रत दलालाला देऊ नका. सही-शिक्क्याच्या दोन्ही बाजू स्कॅन करून ठेवा आणि ट्रान्सपोर्टने मागितली, तर "मूळ पोच मिळाली, बॅलन्स २०,००० बाकी" असं त्याच्या लेटरहेडवर तारखेसह लिहून घेतल्यावरच हातात द्या.