डीव्हीडी रेकॉर्डर मधेच का अडतो?

लग्नाच्या, मुंजीच्या जुन्या व्हिडिओ कॅसेट डीव्हीडीवर उतरवताना येणाऱ्या अडचणींबद्दल या वेळी बरीच पत्रे आली. निवडक प्रश्नांची उत्तरे येथे देत आहोत. रेकॉर्डर दुरुस्तीला टाकण्याआधी ती वाचावीत, कारण पुष्कळदा दोष रेकॉर्डरमध्ये नसतोच.

प्रश्न : कॅसेट घरच्याच लग्नाची आहे, विकतची नाही. तरी पाच-दहा मिनिटांनी ‘कॉपी प्रोटेक्टेड’ असा संदेश येतो आणि रेकॉर्डिंग बंद पडते. असे का?
(चिपळूण)

उत्तर : विकतच्या सिनेमाच्या कॅसेटमध्ये मॅक्रोव्हिजन नावाचे संरक्षण असे. चित्राच्या प्रत्येक फील्डच्या (अर्ध्या फ्रेमच्या) वर, टीव्हीवर न दिसणाऱ्या काही रेषा असतात. मॅक्रोव्हिजन त्या रेषांमध्ये खोटे पल्स घालते. रेकॉर्डर नेमकी तीच जागा तपासतो. कॅसेट झिजलेली असेल किंवा व्हीसीआरचे हेड (टेप वाचणारा भाग) मळलेले असेल, तर तिथेच खरखर येते, सिंक (चित्र जागेवर धरणारा सिग्नल) डळमळतो आणि रेकॉर्डरला ते संरक्षण वाटते. पाच-दहा मिनिटे नीट चालून मग अडतो आहे, म्हणजे टेपचा तेवढा भाग खराब आहे किंवा हेडवर चिकटा साचत चालला आहे.

आधी कॅसेटच्या खिडकीतून टेपच्या गुंडाळीची कड बघा. कडेवर पांढुरके ठिपके किंवा पावडरीसारखा थर दिसला तर ती बुरशी. कोकणात पावसाळे काढलेल्या कॅसेटमध्ये हे हमखास सापडते. अशी कॅसेट व्हीसीआरमध्ये मुळीच घालू नका. बुरशी हेडवर बसते आणि पुढच्या चांगल्या कॅसेटलाही लागते. ती आधी साफ करून घ्यावी लागेल.

टेप स्वच्छ असेल तर ती एकदा शेवटपर्यंत फॉरवर्ड करून पुन्हा रिवाइंड करा. वर्षानुवर्षे एका जागी पडून सैल-घट्ट झालेली गुंडाळी त्याने सारखी होते. मग हेड साफ करा. व्हीसीआरची पिन काढून झाकण उघडा. शॅमॉय चामड्याच्या पट्टीवर आयसोप्रोपिल अल्कोहोल घ्या, पट्टी ड्रमला (हेड बसवलेल्या फिरत्या दंडगोलाला) हलकेच टेकवून धरा आणि ड्रम हाताने सावकाश फिरवा. पट्टी वर-खाली घासायची नाही. हेडचे टोक फेराइटचे असते, आडवा जोर पडला की तुटते. कापसाचे बोळेही नकोत, धागा अडकतो. पूर्ण वाळल्यावरच कॅसेट घाला आणि चित्राच्या खालच्या कडेची वळवळ कमीत कमी होईपर्यंत व्हीसीआरचे ट्रॅकिंग (हेड टेपशी जुळवणारे बटण) फिरवा.

एवढ्यानेही जमले नाही तर दुसऱ्या व्हीसीआरवर लावून बघा. शेवटचा उपाय म्हणजे मधे टाइम बेस करेक्टर जोडणे. तो सिंक नव्याने तयार करून पुढे देतो. घरी विकत घेण्याइतका तो स्वस्त नाही. कॅसेट उतरवून देणाऱ्या स्टुडिओत असतो का ते विचारा.

व्हीसीआरच्या मेन्यूत ‘ब्लू बॅक’ असेल तर तेही बंद ठेवा. नाहीतर सिग्नल क्षणभर खचला तरी निळा पडदा येतो आणि डीव्हीडीवर तोच उतरतो.

प्रश्न : आमच्या रेकॉर्डरवर डिस्क दिसते, मुलाच्या प्लेअरवर ‘नो डिस्क’ येते.
(सोलापूर)

उत्तर : डिस्क फायनलाइझ करायची राहिली आहे. डीव्हीडी-आरवर (एकदाच भरता येणाऱ्या डिस्कवर) रेकॉर्डिंग झाले तरी अनुक्रमणिका अर्धवट असते, ती दुसऱ्या प्लेअरला वाचता येत नाही. ज्या रेकॉर्डरवर भरली त्याच रेकॉर्डरच्या डिस्क सेटअपमध्ये ‘फायनलाइझ’ निवडा. काही मिनिटे लागतात. एकदा केल्यावर डीव्हीडी-आरवर नवे काही भरता येत नाही, म्हणून सगळे भरून झाल्यावरच करा. आणि ते चालू असताना वीज गेली तर डिस्क गेली असेच समजा, तेव्हा भारनियमनाची वेळ टाळा किंवा रेकॉर्डर इन्व्हर्टरवर घ्या.

डिस्क आरडब्ल्यू (पुसून पुन्हा भरता येणारी) असेल तर ती ‘व्हीआर’ मोडमध्ये फॉरमॅट झालेली नाही ना, ते बघा. साधे प्लेअर बहुधा फक्त ‘व्हिडिओ’ मोड वाचतात. रेकॉर्डरच बिघडला असेल आणि डिस्क तशीच राहिली असेल, तर संगणकावर आयसोबस्टरसारख्या सॉफ्टवेअरने आतले चित्रण बऱ्याचदा बाहेर काढता येते. डिस्क टाकून देऊ नका.

प्रश्न : दोन तासांच्या मोडला लावले की साधारण दीड तासाने ‘डिस्क एरर’. दर वेळी तेच.
(नाशिक)

उत्तर : डिस्क आतून बाहेर भरत जाते. शेवटचा अर्धा तास म्हणजे बाहेरची कड, आणि हलक्या डिस्कमध्ये रंगद्रव्याचा थर कडेलाच असमान असतो. बोटांचे ठसेही तिथेच. अडलेली डिस्क उजेडात तिरपी धरा : भरलेला भाग वेगळ्या छटेच्या कड्यासारखा दिसतो, तो कुठे संपतो ते कळेल. चांगल्या कंपनीची, वेगळ्या लॉटमधली डिस्क वापरून बघा. जुने रेकॉर्डर 16एक्स (भरण्याचा कमाल वेग) लिहिलेल्या डिस्क कधी कधी ओळखत नाहीत, 8एक्स मिळाल्या तर त्या घ्या. कागदी स्टिकर चिकटवू नका, डिस्क फिरताना तोल जातो.

जागा वाचवायला चार किंवा सहा तासांचा मोड लावू नका, हेही सांगून ठेवतो. जुन्या टेपची खरखर कॉम्प्रेशनला फार जड जाते. कमी बिटरेटवर (सेकंदाला कमी माहिती साठवली की) हलत्या चेहऱ्यांवर चौकोन उमटतात. तीन तासांची ई-180 कॅसेट दोन डिस्कवर गेली तरी चालेल.

प्रश्न : टायमर लावला होता, पण नुसता काळा पडदा रेकॉर्ड झाला.
(ठाणे)

उत्तर : टायमर रेकॉर्डरला उठवतो, सेटटॉप बॉक्सला नाही. बॉक्स चालू आणि हव्या त्या चॅनलवर ठेवून जा. त्यात आपोआप स्टँडबायला जाण्याची सोय असेल तर ती बंद करा. टायमरमध्ये चॅनल क्रमांकाच्या जागी एव्ही किंवा एल1 असे इनपुट निवडा. जोडणी पिवळी-पांढरी-लाल, एचडीएमआयने रेकॉर्डिंग होणार नाही. वीज जाऊन आल्यावर घड्याळ शून्यावर गेले नाही ना, तेही बघा.

प्रश्न : आवाज फक्त डाव्या स्पीकरमधून येतो.
(पणजी)

उत्तर : तुमचा व्हीसीआर मोनो आहे, ऑडिओ आउट एकच. एकाचे दोन करणारी वाय-लीड घेऊन रेकॉर्डरच्या पांढऱ्या आणि लाल अशा दोन्ही सॉकेटांत द्या.

प्रश्न : अमेरिकेतल्या नातेवाइकांची कॅसेट टीव्हीवर नीट दिसते, रेकॉर्ड मात्र कृष्णधवल आणि गरगर फिरणारी होते.
(पुणे)

उत्तर : तिकडच्या कॅसेट एनटीएससी, म्हणजे 525 रेषांच्या, आपली पद्धत पाल, 625 रेषांची. मल्टिसिस्टिम व्हीसीआर अशी कॅसेट ‘पाल-60’ या तडजोडीच्या स्वरूपात टीव्हीला देतो. टीव्ही ती चालवून घेतो, रेकॉर्डर घेत नाही. व्हीसीआरचे आउटपुट ‘एनटीएससी 3.58’ वर आणा, रेकॉर्डरच्या सेटअपमध्येही एनटीएससी निवडा आणि कोरी डिस्क घाला, कारण एकाच डिस्कवर दोन्ही पद्धती सहसा चालत नाहीत. टी-120 कॅसेट ईपी या संथ वेगाने भरलेली असेल तर त्यात सहा तास असतात. तो वेग तुमच्या व्हीसीआरला येतो का, हे आधी पाहा.

प्रश्न : सिनेमाच्या डीव्हीडी उत्तम चालतात, कोरी डिस्क मात्र एकही घेत नाही.
(छत्रपती संभाजीनगर)

उत्तर : वाचायला लेसरची ताकद थोडी पुरते, लिहायला कितीतरी जास्त लागते. म्हणून लेसर म्हातारा झाला की लिहिणे आधी बंद पडते. लेन्सवर धूळ असली तरी हेच लक्षण दिसते, तेव्हा ब्रशवाली क्लीनिंग डिस्क एकदा फिरवून बघा. फरक पडला नाही तर पिकअप (लेसर-लेन्सचा भाग) किंवा अख्खा ड्राइव्ह बदलावा लागेल. सुटा भाग मिळाला नाही तर त्यामागे धावू नका; व्हीसीआर चांगला असल्यास यूएसबी कॅप्चरने (व्हीसीआर संगणकाला जोडणाऱ्या उपकरणाने) थेट संगणकावर उतरवणे स्वस्त पडेल.