सलाईनचे थेंब मिनिटाला किती सोडायचे, हे कसं काढतात? (खानापूरकडची आहे, दहावीपर्यंत मराठी माध्यम, आता बेळगावात नर्सिंगचं पहिलं वर्ष)

सूत्र एकच: एकूण मिली गुणिले सेटचा (म्हणजे सलाईनच्या बाटलीला जोडायच्या नळीचा) ड्रॉप फॅक्टर, भागिले एकूण मिनिटं. ड्रॉप फॅक्टर म्हणजे त्या सेटमधून एक मिली जायला किती थेंब पडतात. तो सेटच्या पाकिटावर छापलेला असतो. साध्या सेटला बहुतेकदा २०, मायक्रो सेटला ६०. पाठ केलेल्या आकड्यावर जाऊ नका, पाकीट बघा.

समजा ५०० मिली ४ तासांत द्यायचंय, सेट २० चा. ५०० × २० = १०,०००. चार तासांची मिनिटं २४०. उत्तर ४१.६६, म्हणजे मिनिटाला ४२ थेंब. बहुतेक जण अडकतात ते इथंच: तासांची मिनिटं करायची राहतात आणि उत्तर अडीच हजार येतं. असलं उत्तर आलं की लगेच ओळखायचं, इतके थेंब कुणाला मोजता तरी येतील का!

तोंडी परीक्षेत घाई असेल तर तासाला किती मिली ते काढा. २० च्या सेटला त्याला ३ नं भागा. ६० च्या सेटला भागायचंच नाही, तासाचे मिली तेवढेच मिनिटाचे थेंब.

वॉर्डात घड्याळ ड्रिप चेंबरशेजारी (नळीच्या ज्या डबीत थेंब पडताना दिसतात तिच्याशेजारी) धरून पूर्ण मिनिट मोजा, थेंबांचा वेग कमी-जास्त करणाऱ्या क्लॅम्पचं चाक हळूहळू फिरवा. थोड्या वेळानं परत मोजाच. पेशंटनं हात दुमडला की वेग बदलतो, आणि जवळ बसलेली म्हातारी माणसं 'बाई, जरा जोरात सोड की' म्हणून चाक स्वतःच फिरवतात.